धोंडाआत्याचा हात

मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत रस्त्याच्या कडेनं जी पॉलिहाऊसं दिसतात, त्यांतल्या निम्म्याअधिकांत ढोबळी मिरचीचं पहिलं रोप माझ्या आत्याच्या हातचं असायचं. असायचं म्हणतो, कारण आता नसतं. त्याला कारण मी आहे. शेवटी सांगून दचकवण्यापेक्षा आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव तापट. धनाजी हे नाव असताना गाव मला मागून फटाका म्हणतं. मी फुटलो तेव्हा भाजली मात्र आत्या.

तिचं नाव धोंडाबाई. तिच्याआधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीनं हिला दगडाचं नाव ठेवलं. दगडाकडं मृत्यूचं लक्ष जात नाही म्हणतात. अठराव्या वर्षी तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात तिचं लग्न झालं. विसाव्या वर्षी नवरा भातखाचरात साप चावून गेला. सासरच्यांनी ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून तिला एका पत्र्याच्या पेटीसकट माहेरी आणून सोडलं. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. पुढं आई शेतावर आणि आत्या घरात, त्यामुळं मला वाढवलं तिनंच. मला पोहायला, भाकरी थापायला आणि खोटं बोललो की ओळखू येण्याइतपत वाईट खोटं बोलायला तिच्याच हाताखाली शिकायला मिळालं.

घरात हळदीकुंकू असलं की ती मागच्या खोलीत जायची. लग्नात मांडवाच्या कडेला, बारशात चुलीपाशी. कुणाला ‘जरा बाजूला व्हा’ म्हणायची वेळ तिनं येऊ दिली नाही, आधीच झालेली असायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता लिहिताना वाटतंय, आणि ते वाटणं बैल गेला आणि झोपा केला अशातलं आहे.

एकाच जागी ती पुढं असायची. बारा वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या रखमाजीतात्यांनी खोऱ्यातलं पहिलं पॉलिहाऊस बांधलं. लागवडीच्या मुहूर्ताला जी सवाष्ण बोलावली होती तिची एस.टी. नसरापूरलाच बंद पडली. मुहूर्त टळायला आला तसे तात्या वैतागून ओरडले, “धोंडाक्का, तूच लाव गं एक, आन मोकळं कर आमाला!” आत्यानं लावलं. त्या वर्षी तात्यांची मिरची अशी आली की रोज टेम्पोच्या दोन खेपा लागायच्या. झालं, धोंडाबाईला हातगुण आहे हे खोऱ्यात ठरून गेलं.

तेव्हापासून लागवडीचे दिवस आले की सकाळीच आमच्या दारात मोटरसायकल यायची. “आत्या हायत का?” आत्या आधीच धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली असायची. गाडीवर मागं बसून, एका हातानं कॅरिअर आणि दुसऱ्या हातानं पदर धरून जायची. तिथं सगळे तिची वाट बघत उभे असायचे, सवाष्णीसुद्धा. ती गादीवाफ्याच्या पहिल्या भोकात रोप ठेवायची, अंगठ्यानं माती दाबायची आणि वाकूनच त्याला म्हणायची, “रहा गं बाय, हितंच रहा.”

मी कृषी पदविकावाला. मला हसू यायचं. “आत्या, रोपाला कान असतात का गं?” असं मी तिला दर वर्षी विचारायचो, आणि ती दर वर्षी माझ्या पाठीत एक हलका धपाटा घालायची.

सासरी तिचा पाय वाईट ठरला होता, माहेरी हात चांगला ठरला. तिच्या अख्ख्या जन्माची कमाई म्हणजे तेवढं एक. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

हाताइतकंच तिचं नाक तयार होतं. तीन वर्षांपूर्वी भोरची सदफ म्हणून एक मुलगी आमच्याकडं यायची. ती पिकांच्या रोगांवर शिकत होती आणि अभ्यासासाठी खोऱ्यातल्या मिरच्या बघत हिंडायची. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, आत्या ‘पोरी’ म्हणायची. सदफ आम्हाला फळकुजीचे प्रकार सांगत होती तेव्हा मी वहीत लिहून घेत होतो आणि आत्या फळं हुंगत होती.

“बुरशीनं कुजलं असेल तर त्यावर पांढरा-करडा कापूस धरतो,” सदफ म्हणाली. “जिवाणूंची मऊ कूज असेल तर कापूस नाही. देठापासून सुरू होतं. साल तशीच राहते, आतला गर दोन दिवसांत पाणी होतो. फळ झाडावर पाण्याच्या पिशवीसारखं लोंबतं, बोट लावलं की फुटतं.”

“आन वास?” आत्यानं विचारलं.

“घाण. एकदा घेतला की विसरणार नाही.”

आत्या म्हणाली, “म्हंजी पखाल व्हती.” तेव्हापासून आमच्याकडं त्या रोगाला पखालच म्हणतात.

सदफनं तिला आणखी एक गोष्ट शिकवली. बटाटा स्वच्छ धुवायचा, तापवलेल्या सुरीनं त्याच्या चकत्या करायच्या. जिथं संशय असेल तिथलं पाणी किंवा रस एकेका चकतीवर टेकवायचा. उकळून गार केलेलं नुसतं पाणी लावलेली एक चकती साक्षीदार म्हणून ठेवायची. स्टीलच्या डब्यात खाली ओलं फडकं, त्यावर चकत्या, वर झाकण. पखालीचे जिवाणू असतील तर दुसऱ्या दिवशी चकतीचा चिखल होतो. आत्याला ते फार आवडलं. “आमी जन्मभर बटाट्याची भाजी केली, ह्या पोरीनं त्येची साक्ष काडली,” असं ती येईल त्याला सांगायची. कुठंही मिरची बिघडली की ती डबा काढायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून डब्याच्या काठावर चकतीसमोर धान्याचा दाणा ठेवायची: तांदूळ आमचा, तूर रखमाजीतात्यांची, हरभरा पलीकडच्या चिमाजीचा.

सदफनं मला सांगितलेलं एकच होतं. प्रत्येक ओळ संपली की तोडणीच्या कात्र्या औषधाच्या पाण्यात बुडवायच्या. पहिल्या वर्षी मी बुडवल्या, दुसऱ्या वर्षी आठवलं तेव्हा, आणि तिसऱ्या वर्षी औषधाच्या डब्यात वैष्णवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, खिळे ठेवले.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. आमची तोडणी सावडीनं चालते. म्हणजे रखमाजीतात्या, चिमाजी आणि मी, तिघांच्या घरची माणसं मिळून एक दिवस एकाच्या पॉलिहाऊसात तोडायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी सावडीची मजा त्यात नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. मी म्हटलं, सावड एक आहे तर पूजाही एकच करू. तिन्हीकडच्या कात्र्या, विळे, फवाऱ्याची नळी, सगळं आमच्या अंगणात आणलं. एका घमेल्यात पाणी घेऊन सगळ्या कात्र्या एकत्र धुतल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ. मोबाईलवर फोटो काढून गटावर टाकला. लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली.

राहिलं घमेल्यातलं पाणी. पूजेचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणतात. मी म्हटलं, पहिल्या रोपाला घालू. तिघांनी एकेक तांब्या वाटून घेतला आणि आपापल्या पॉलिहाऊसात जाऊन, आत्यानं लावलेल्या पहिल्या झाडाच्या बुडात ओतला. मोठं पवित्र वाटलं. तिन्हीकडं खालची पानं आदल्याच दिवशी खुडली होती, खोडावर जखमा ताज्या होत्या.

आत्या तिथं असती तर तिनं घमेल्याचा वास घेतला असता आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला असता. पण पूजेला ती कशी असेल? ती मागच्या खोलीत होती.

दसरा गेला, तोडणी झाली. पाचव्या दिवशी आमच्या पहिल्या ओळीतलं पहिलं झाड मान टाकून उभं होतं. बुडाशी खोड काळपट, दाबलं तर बोट आत जाईल असं. दोन दिवसांत त्या ओळीतली लाल झालेली फळं देठापाशी सुटली. पावसानं अजून पाठ सोडली नव्हती, आत नुसती वाफ. मी पुस्तक उघडलं, फोटो जुळवले आणि जाहीर केलं: बुरशीची फळकूज. फवारणी केली.

आत्या एक फळ घेऊन आली. “धना, ह्येच्यावर कापूस न्हाई. नुसतं पानी हाय. पखाल हाय ही. फवारून उलट वलं करतुयास तू.”

“आत्या, तू नाक खुपसू नकोस, डिप्लोमा माझ्याकडं आहे.”

दुसरी फवारणी केली. अख्खं पॉलिहाऊस आणखी भिजलं. आठव्या दिवशी वासानं दारातून आत जाववेना. तेवढ्यात रखमाजीतात्यांकडूनही बातमी आली, आणि चिमाजीकडून. दोघांकडंही सगळ्यात आधी गेलं ते पहिलं झाड.

त्या सकाळी दोघं आमच्या पॉलिहाऊसात आले होते. बायका क्रेट रिकामे करत होत्या, वैष्णवी होती. रखमाजीतात्या डोक्याला हात लावून म्हणाले, “तिन्हीकडं पयलंच झाड कसं रं आदी गेलं? पयलंच कसं?”

आत्या नेमकी तेव्हाच दारातून आत आली. पदराखाली काहीतरी धरलं होतं. मला वाटलं न्याहारी आणली. तीन रात्री मी झोपलो नव्हतो, पीक डोळ्यांदेखत पाणी होत होतं, आणि माझ्या डिप्लोम्याची लाज निघत होती. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण पुरेसं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“पहिलं कुणी लावलं होतं तात्या? हिनंच ना? तिन्हीकडं हिनंच! लई हातगुण हातगुण करता ना, हा बघा हातगुण. जिथं हिचा हात लागला तिथंच आधी सडलं. न्याहारी झाक आत्या, आणि हात लावू नकोस आता कशाला!”

आत्या माझ्याकडं बघत उभी राहिली, मग रखमाजीतात्यांकडं, मग चिमाजीकडं. पदराखालची वस्तू तिनं पोटाशी आणखी घट्ट धरली. “बरं,” एवढंच म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

मी तिला काय म्हणालो ते संध्याकाळपर्यंत वेल्ह्याच्या बाजारात पोचलं होतं. असली गोष्ट लोकांना मनापासून पटते. रोगाला जिवाणू लागतात हे पटवायला सदफला सहा महिने लागले होते, तो बाईच्या हातानं लागतो हे पटायला एक दिवस पुरला.

आत्या घरात वावरत राहिली, पण भाज्या खुडायची नाही. तुळशीला पाणी घालायची नाही, वैष्णवीला सांगायची. मोरीतल्या बादलीत हात पुन्हा पुन्हा धुवायची. मला दिसत होतं, आणि मी बघत नव्हतो. मी चुकलो असं म्हणायला जीभ उचलत नव्हती. आणि खरं सांगायचं तर चुकलो असं तेव्हा वाटतही नव्हतं. दिवाळीनंतर तिच्या सासरहून दिराचा मुलगा सोनबा आला. तो पुण्याला कंपनीत, घर बंद पडलेलं. कुणीतरी दिवा लावायला हवं होतं. ज्या घरानं पांढऱ्या पायाची म्हणून काढलं, तिथं ती बेचाळीस वर्षांनी परत गेली. तीच पत्र्याची पेटी घेऊन.

पीक उपटलं, खड्डा करून पुरलं, उन्हाळाभर माती प्लॅस्टिकखाली तापवली. या वर्षी जूनमध्ये नवीन लागवड झाली. आत्याला बोलवायचा विषयही निघाला नाही. पहिलं रोप मी लावलं, तात्यांनी त्यांचं, चिमाजीनं त्याचं. कात्र्या या वेळी मी ओळीओळीला बुडवल्या. भाजलं होतं ना. पीक जोरात आलं. भाद्रपदात आमच्या ओट्यावर चहा पिताना रखमाजीतात्या समाधानानं म्हणाले, “बगितलंस धना? हात बदलला आन पीक कसं आलं!”

मी मान डोलावली. होय, डोलावली.

तात्या गेल्यावर वैष्णवीनं कपबशी अशी आपटली की कपाचा कान उडाला. “तुमाला लाज वाटत न्हाई? आत्यांनी मला गळ्याची आन घातली हुती म्हनून म्या वर्षभर गप बसले. लागू दे आन, मला न्हाई सोसत आता.” आणि तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

फोटोत आत्याचा स्टीलचा डबा होता. ओल्या फडक्यावर बटाट्याच्या सात चकत्या. कुठली कशाची ते वैष्णवी सांगत गेली. तांदळासमोरची, म्हणजे आमच्या कात्रीची, चिखल. तूर आणि हरभऱ्यासमोरच्या, चिखल. चौथीपुढं चिमूटभर हळद होती. ती घमेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळाची, आणि तिचं तर नुसतं पिवळं पाणी झालं होतं. पाचवीपुढं रखमाजीतात्यांच्या एका फळाचा देठ. ते दसऱ्याच्या आधीच पखाल झालं होतं आणि त्यांनी ते कात्रीनं कापून बांधावर टाकलं होतं. आत्यानं ते बांधावरून शोधून आणलं. म्हणजे रोग तात्यांकडून आला, आणि तिन्हीकडं पोचवला तो माझ्या घमेल्यानं. सहावी साक्षीदार, पांढरी स्वच्छ.

सातवीसमोर कुठलाच दाणा नव्हता.

“ही कुणाची?”

“त्यांच्या हाताची,” वैष्णवी म्हणाली. “सगळ्यात आदी स्वतःचे हात खळबळून त्ये पानी लावलं त्यांनी. म्हनाल्या, बग गं, माजंच असंल तर मलाच आदी कळू दे.”

सातवी चकती साक्षीदाराइतकीच पांढरी होती. कोरडी, नीट, कापली तशी.

मी फोटोची तारीख बघितली. आणि वेळ. मी पॉलिहाऊसात ओरडलो त्याच सकाळचा फोटो होता, तासभर आधीचा.

“डबा घिऊनच आल्या हुत्या त्या,” वैष्णवी रडायला लागली. “पदराखाली. तुमाला दाखवाया.”

न्याहारी झाक, असं मी म्हणालो होतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं लहानपणी पुस्तकात वाचलं होतं. त्यात चोरानंच निकाल दिला होता की नाही ते आठवत नाही. इथं दिला.

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन रखमाजीतात्यांकडं गेलो. सगळं सांगितलं. घमेलं, तांब्या, त्यांचं बांधावरचं फळ. ते बराच वेळ फोटो लांब-जवळ करून बघत राहिले. मग मोबाईल माझ्या हातात परत देत म्हणाले, “झालं गेलं गंगेला मिळालं, धना. आता पीक बरं आलंय, कशाला वर काडतुस? आन लोकांना काय बटाटं दाखवत हिंडनार का तू?”

“पण आत्याचं नाव गेलं, तात्या.”

“व्हय रं. वाईट झालं. पन आता कुणी बोलावनार न्हाई तिला. तू सांगितलंस तरी न्हाई. मानसाच्या मनात एकदा बसलं की बसलं.” चिमाजीही तसंच बोलला, जरा कमी शब्दांत. दोघं वाईट माणसं नाहीत. मीच जे मनात बसवलं होतं ते आता माझ्याच्यानं निघत नव्हतं.

या खंडेनवमीला मी पूजा केली नाही. कात्र्या औषधात बुडवून खिळ्याला टांगल्या, पिशवीत ताज्या तोडीची चांगली लाल-पिवळी फळं भरली आणि गाडी काढली. वेल्ह्याचा बाजार मागं टाकून वर गेलो. आत्या अंगणात बसून नाचणी पाखडत होती. वाळली होती. हाताची कातडी धुऊन धुऊन पांढरी पडून भेगाळली होती. ती अजून धुत होती तर.

मी पाय धरले. ती म्हणाली, “आरं, सूप सांडंल.”

“मला कळलं आत्या. वैष्णवीनं फोटो दाखवला.”

“दाखवला व्हय,” ती म्हणाली. “पोरगी गुनाची हाय, पन पोटात काय ठरत न्हाई तिच्या.” मग उठून चहा टाकला. मी चुलीपाशी बसलो.

“डबा का नाही उघडलास गं तेव्हा? माझ्या तोंडावर उघडायचा होतास.”

“समद्यांम्होरं?” ती लाकूड सारत म्हणाली. “रखमाजीचं फळ आन तुजं घमेलं, दोनी उगडं पडलं असतं. त्यो तुला बोलला असता, तू त्येला. तुजा सोबाव काय म्या वळखत न्हाई? सावड मोडली असती. एकटा कसं तोडनार व्हतास एवढं? तुला तितं ऱ्हायाचंय जन्मभर. माजं काय, एक पेटी.”

आई गेली तेव्हा मी इतका रडलो नव्हतो. ती तशीच बसून राहिली, धपाटाही घातला नाही.

थोड्या वेळानं म्हटलं, “मी सगळ्यांना सांगितलंय. सगळे म्हणाले, आत्याला घेऊन ये. पुढची लागवड तिच्याच हातनं.”

“खोटं बोलताना तू ल्हानपनापासनं कान खाजवतुस,” आत्या म्हणाली.

मी हात खाली घेतला.

“आन खरं असतं तरी आता व्हायचं न्हाई, धना. हात चांगला हाय माजा, म्या बगितलाय की. पन आता कुनी रोप हातात दिलं तर म्या आदी त्येच्या तोंडाकडं बगीन, ह्यो काय मनात धरून देतुय म्हनून. असं बगत बगत रोप न्हाई लावता येत.”

तिनं पिशवीतलं एक लाल फळ काढलं. देठ नाकाशी नेला, डोळे मिटले, अंगठ्यानं खांद्यापाशी दाबून बघितलं. “चांगलं हाय. घट्ट हाय.” मग विचारलं, “पयलं कुनी लावलं?”

“मीच.”

“काय म्हनलास त्येला?”

“कुणाला?”

“रोपाला.”

“काही नाही. नुसतं लावलं.”

तिला त्याचं मनापासून वाईट वाटलं. मी तिला वर्षापूर्वी जे बोललो त्यानंही तिच्या तोंडावर असं काही उमटलेलं मी पाहिलं नव्हतं. “म्हनायचं असतं रं,” ती म्हणाली. “एवढं मोठं रिकामं घर, त्यात पयलंच त्ये. एकटं असतं. त्येला कुनीतरी रहा म्हनाया लागतं.”

दिवाळीनंतरची ती सकाळ मला आठवली. सोनबाची रिक्षा दारात. आत्या पेटी घेऊन ओट्यावर आली, जरा थांबली, पदर सारखा केला, पुन्हा थांबली. मी मोटारीचा पाइप जोडत होतो. तिचं ते दोनदा थांबणं मी बघितलं होतं, आणि पाइप जोडत राहिलो होतो. वैष्णवीनं तिला वाकून नमस्कार केला. रहा असं तिला कुणी म्हणालं नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या सासरच्या दारातही कुणी म्हणालं नसणार.

“आत्या,” मी म्हणालो, “घरी चल. तिथंच रहा. रोप नको लावूस, काही नको. नुसती रहा.”

तिनं फळं एकेक करून टोपलीत काढून ठेवली. पिशवी झटकली, रिकामी परत देऊ नये म्हणून तिच्यात पाखडलेली नाचणी भरली, तोंडाला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. भेगाळलेल्या अंगठ्यानं माझा गाल पुसला.

“दिस मावळायच्या आत मार्गासनी गाठ,” ती म्हणाली. “उतारावर गाडी हळू चालव.”

मी वेल्ह्याच्या बाजारापर्यंत आलो, गाडी बाजूला लावली आणि पिशवी मांडीवर घेऊन रडत बसलो.